सॅन अँटोनियो स्पर्स : रॉबिन्सन सरकून बसला म्हणून

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं की स्पर्सचं एवढं काय कौतुक, लॉटरीत टिम डंकन हा खेळाडू लागला आणि मग वीस वर्षं आयतं खाल्लं. उत्तर टाइप करायला घेतलं ते संपेचना, म्हणून इथे वेगळा धागा काढतोय. १९९९ पासून ही टीम बघतोय, आधी पेपरातल्या चार ओळींवर, मग केबलवर, आता मोबाइलवर, त्यामुळे वाहवत गेलो तर सांभाळून घ्या.

नवीन लोकांसाठी थोडक्यात : सॅन अँटोनियो हे टेक्सासमधलं शहर, स्पर्स ही तिथली एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टीम. नवे खेळाडू टीमा ड्राफ्टमध्ये आळीपाळीने निवडतात, आणि खालच्या टीमांपैकी पहिला नंबर कोणाला ते लॉटरीने ठरतं. पाच विजेतेपदं, १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४. १९९८ ते २०१९ सलग २२ वर्षं प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या).

टीम जन्मली डॅलसमध्ये, १९६७ ला, चॅपरल्स या नावाने, आणि तीही एबीए नावाच्या वेगळ्याच लीगमध्ये (लाल-पांढऱ्या-निळ्या बॉलवाली ती). डॅलसमध्ये बघायला माणूस फिरकेना. मग १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या व्यापाऱ्यांनी, त्यात अँजेलो ड्रॉसोस आणि रेड मॅककॉम्ब्ज पुढे, ही टीम चक्क भाड्याने आणली, नाही जमलं तर परत डॅलसला पाठवायची अशा बोलीवर. पण गावाने ती अशी काही उचलून धरली की परत पाठवायचा विषयच निघाला नाही. स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला बांधतात ती काट्यांची चकती. मॅककॉम्ब्जचा जन्मही टेक्सासमधल्या स्पर नावाच्याच गावातला.

त्या काळातला हिरो जॉर्ज गर्विन, आइसमॅन. घाम फुटलेला कधी दिसायचा नाही म्हणे. ९ एप्रिल १९७८, सीझनचा शेवटचा दिवस, दुपारी डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसनने ७३ पॉइंट मारले आणि सीझनमधल्या सर्वाधिक पॉइंट-सरासरीचा मान जवळजवळ खिशात घातला. गर्विनला त्या रात्री ५८ हवे होते, त्याने ६३ मारले, त्यातले ३३ एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये. पण फायनल त्याच्या नशिबात नव्हती, १९७९ ला फायनलच्या आधीच्या फेरीत (सातांपैकी चार जिंकायचे असतात) वॉशिंग्टनवर ३-१ ची आघाडी घेऊन ४-३ ने हरले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझं ठाम मत आहे की स्पर्स समजून घ्यायचे तर डेव्हिड रॉबिन्सनपासून सुरुवात करावी लागते. डंकन नंतर, कोच पोपोविच नंतर.

रॉबिन्सन नौदलाच्या अकादमीतला. तिथे गेला तेव्हा साडेसहा फुटांच्या आसपास होता, शिकता शिकता सात फूट एक इंच झाला. दोन वर्षं झाल्यावर त्याला अकादमी सोडून दुसऱ्या कॉलेजात जायची मुभा होती, तसं केलं असतं तर नोकरीचं बंधनच राहिलं नसतं. तो राहिला. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये स्पर्सने त्याला पहिल्या नंबरवर घेतलं आणि मग टीम दोन वर्षं नुसती वाट बघत बसली, कारण पोरगा जॉर्जियातल्या पाणबुडी तळावर ड्यूटी करत होता. १९८८-८९ मध्ये स्पर्स २१ जिंकले, ६१ हरले. तो आल्यावर पहिल्याच सीझनला ५६ विजय. ३५ ची उडी, तोवर एनबीएत अशी कोणीच मारली नव्हती.

पुढे १९९४ मध्ये सीझनच्या शेवटच्या सामन्यात क्लिपर्सवर ७१ पॉइंट, १९९५ ला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). आणि त्याच १९९५ च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवानने त्याला सहा सामने असं काही नाचवलं की आजही लोक रॉबिन्सन म्हटलं की आधी तेच क्लिप काढतात. याचं मला फार वाईट वाटतं. कारण माणूस कसा होता ते त्याच्या पुढच्या आठ वर्षांत दिसतं.

१९९६-९७ ला आधी त्याची पाठ गेली, परत आला तर पाय मोडला, सगळे मिळून सहाच सामने खेळला. टीम २०-६२. मग लॉटरी, मग टिम डंकन. आता विचार करा, तुम्ही लीगचे एमव्हीपी आहात, दहा वर्षं ते गाव तुमच्या नावाने ओळखलं जातंय आणि तुमच्याच जागेवर खेळणारा एकवीस वर्षांचा पोरगा येतो जो पहिल्याच महिन्यात दिसतंय की तुमच्यापेक्षा सरस होणार. १९९३-९४ ला रॉबिन्सनची सरासरी २९.८ होती. १९९८-९९ ला, पहिलं विजेतेपद आलं त्या वर्षी, १५.८. त्याने बॉल डंकनला दिला आणि स्वतः रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं काम घेतलं. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कोणी "जरा सरका" म्हटल्यावर माणूस कपाळाला आठी न घालता सरकतो ना, तसा हा सरकला, आणि सरकून झाल्यावर गप्पाही मारायला लागला. पुढच्या वीस वर्षांत त्या ड्रेसिंग रूममध्ये जे जे कोणी आले त्यांना हे बघूनच कळलं की इथे असं असतं.

---

चहाबाज

भारी लिहिलंय. माझी भर : २००० च्या उन्हाळ्यात डंकन जवळपास ओरलँडोला गेलाच होता. करार संपलेला, ओरलँडोने लाल गालिचा अंथरलेला. रॉबिन्सन हवाईला सुट्टीवर होता, ती अर्धी टाकून विमानाने आला आणि डंकनशी बोलला. डंकन थांबला. तो गेला असता तर पुढची चार विजेतेपदं तिथेच संपली असती, सरळ हिशोब आहे.

अजून एक म्हणजे डंकन मुळात पोहणारा. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात तिथला पोहण्याचा तलावच उद्ध्वस्त झाला, समुद्रात सराव करायला याला शार्कची भीती, म्हणून पोहणं सुटलं आणि बास्केटबॉल उशिरा सुरू झाला. आई त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गेली. पदवी पूर्ण करीन असा तिला शब्द दिलेला, म्हणून कॉलेज अर्धवट सोडून कोट्यवधी घ्यायची संधी असताना वेक फॉरेस्टला पूर्ण चार वर्षं काढली.

---

हाफकोर्ट

लेख आवडला पण मी सहमत नाही, स्पष्ट लिहितो.

१९९७ ची लॉटरी हे शुद्ध नशीब होतं हे मान्य करायला काय हरकत आहे? डंकन मिळायची सगळ्यात जास्त शक्यता बॉस्टनची होती, त्यांच्याकडे दोन पिक (निवडीचे हक्क) होते. स्पर्स शेवटून तिसरे. चेंडू वेगळा पडला असता तर आज आपण हाच धागा बॉस्टनवर वाचत असतो. आणि त्या सीझनमध्ये पोपोविच जनरल मॅनेजर होता, त्याने डिसेंबरमध्ये तेव्हाचा कोच बॉब हिलला काढलं आणि स्वतः कोच झाला, तेव्हा टीम ३-१५ होती आणि रॉबिन्सन नुकताच दुखापतीतून परत येत होता. हिलच्या बाजूने कोणी बघितलं का? त्याआधीच्या दोन सीझनमध्ये त्याच माणसाने ६२ आणि ५९ सामने जिंकून दिले होते. संस्कृती वगैरे शब्द जिंकल्यावर चिकटतात.

---

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

@हाफकोर्ट, हिलच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. सॅन अँटोनियोतही तेव्हा लोक प्रचंड चिडले होते आणि पोपोविचला बरेच महिने कोणी माफ केलं नाही. १९९९ ला सीझन उशिरा सुरू झाला (मालक-खेळाडू वादामुळे फक्त ५० सामन्यांचा होता), स्पर्सची सुरुवात ६-८, आणि पोपोविचला काढणार अशी उघड चर्चा. तिथून पुढच्या ३६ पैकी ३१ जिंकले.

लॉटरी नशीब, शंभर टक्के. पण नशिबाने नंबर मिळतो, पुढचं कोणी नशिबाने देत नाही. लॉटरीत पहिला नंबर दरवर्षी कोणाला तरी लागतोच की, त्यातल्या किती टीमा दोन दशकं टिकल्या?

आणि नशिबाचंच काढलं तर ३१ मे १९९९ बघा. पोर्टलंडविरुद्ध वेस्टची (पश्चिम विभागाची) फायनल, दुसरा सामना, स्पर्स १८ ने मागे पडलेले. शेवटी दोन पॉइंटने मागे, बारा सेकंद बाकी. आपल्या शॉन इलियटला साइडलाइनजवळ पास आला, तोही जरा लांबच, मागे स्टेसी ऑगमनचा हात आला होता पण बॉल निसटत्या अंतराने इलियटकडे पोचला. पकडताना त्याचा तोल बाहेरच्या बाजूला. त्याने चवड्यांवर उभं राहून टाचा हवेत ठेवल्या, कारण टाच खाली टेकली असती तर ती रेषेवर पडली असती आणि बॉल समोरच्यांचा. तसाच वळला, तसाच चवड्यांवरून थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारला, रशीद वॉलेसच्या हातावरून. ८६-८५.

आणि त्या वेळी इलियटची किडनी निकामी होत चालली होती. ते वर्ष तो तसाच खेळला. ऑगस्टमध्ये त्याच्या भावाने, नोएलने, स्वतःची किडनी दिली, आणि मार्च २००० मध्ये इलियट परत कोर्टवर उतरला. किडनी बदलून एनबीएत परत खेळणारा पहिला माणूस.

---

मुक्कामपोस्ट_टेक्सास

मी सॅन अँटोनियोत राहतो, कामानिमित्त आलो आणि राहिलो. बाहेरून बघणाऱ्याला एक गोष्ट कळत नाही की या शहराला दुसरी मोठी टीमच नाही. डॅलस आणि ह्यूस्टनला अमेरिकन फुटबॉल आहे, बेसबॉल आहे, बास्केटबॉल आहे. इथे फक्त स्पर्स. लोकसंख्या चौदा लाखांच्या वर, त्यात मेक्सिकन वंशाचे लोक निम्म्याहून जास्त, आणि सैन्याचे मोठमोठे तळ. रॉबिन्सन नौदलातला, पोपोविच हवाई दलाच्या अकादमीतला, हे इथल्या लोकांना आपल्या घरातलं वाटतं. आमच्या शेजारच्या आजी, मूळच्या मॉन्टेरेच्या, इंग्रजी जेमतेम, पण "मानू"ची फ्री थ्रोची टक्केवारी विचारा.

जिंकल्यावर इथे मिरवणूक नदीतून निघते. शहराच्या मधोमध जो रिव्हर वॉक आहे, खाली उतरून जायचं, दोन्ही काठांना हॉटेलं, तिथून चपट्या बोटींवर खेळाडू जातात. २०१४ ला मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा होतो, खालून डंकनची बोट गेली. नदी इतकी अरुंद आहे की वरून गुलाल टाकला असता तर त्याच्या डोक्यावर पडला असता.

आणि दर फेब्रुवारीत इथे गुरांचा मोठा बाजार-जत्रा आणि रोडिओ भरतो, स्टेडियम तिकडे जातं आणि टीम काही आठवडे गावाबाहेर. याला रोडिओ रोड ट्रिप म्हणतात. दुसरी कोणती टीम कुरकुरली असती. पोपोविच म्हणायचा की याच दौऱ्यात टीम खरी तयार होते, घर नाही, बायका-पोरं नाहीत, रोज रात्री एकत्र जेवण.

---

नवशिका

मी फक्त वाचतो इकडे, बास्केटबॉल शाळेत खेळलोय तेवढंच. एक प्रश्न, वर मानू म्हणजे मानू जिनोबिली ना? तो ५७ व्या नंबरवर निवडला गेला असं कुठेतरी वाचलं. एवढा चांगला होता तर आधीच्या ५६ वेळा कोणालाच कसा दिसला नाही?

---

चहाबाज

@नवशिका, चांगला प्रश्न. त्या वर्षी, म्हणजे १९९९ ला, एकूण ५८ जणच निवडले गेले, म्हणजे हा शेवटून दुसरा. दिसला नाही कारण कोणी बघायला जातच नव्हतं. अमेरिकन टीमा तेव्हा युरोपकडे थोडंफार बघायच्या, अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांका गावातल्या, तेव्हा इटलीत दुय्यम टीमकडून खेळणाऱ्या पोराकडे कोण बघणार. स्पर्सकडे आर. सी. ब्युफर्ड होता, तो आणि पोपोविच जगभर फिरायचे. निवडलं आणि तीन वर्षं तिकडेच ठेवलं, २००२ ला आणलं. (रॉबिन्सनसाठी दोन वर्षं थांबलेल्या टीमला थांबायची सवय होतीच.) २००४ ला हाच माणूस अथेन्सला अमेरिकेला हरवून अर्जेंटिनाला ऑलिंपिक सोनं देऊन आला, आणि आल्यावर सॅन अँटोनियोत बरीच वर्षं बेंचवरून खेळला. जगातल्या कुठल्याही टीममध्ये पहिल्या पाचात असता. पोपोविचने विचारलं, दुसऱ्या फळीला ताकद हवी आहे, बेंचवरून येशील का. आला. धागाकर्त्याचं सरकून बसणं ते हेच.

टोनी पार्कर २००१ ला २८ वा. फ्रान्सचा, १९ वर्षांचा. पहिल्या चाचणीत इतका वाईट खेळला की पोपोविच दहा मिनिटांत नको म्हणाला होता, ब्युफर्डने दुसऱ्यांदा बोलवायला लावलं. २००७ ला क्लीव्हलँडला, म्हणजे तरुण लेब्रॉनला, ४-० ने धुतलं तेव्हा फायनलचा एमव्हीपी हाच, युरोपातून आलेला पहिला.

डंकन-पार्कर-जिनोबिली मिळून सीझनचे ५७५ आणि प्लेऑफचे १२६ विजय. तिघं मिळून एवढे कोणीच जिंकले नाहीत.

---

हाफकोर्ट

२००७ चं नाव काढलंत म्हणून. फिनिक्सविरुद्ध चौथ्या सामन्यात स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने फिनिक्सच्या नॅशला कंबरेने ढकलून टेबलावर आपटलं, आणि बेंचवरून दोन पावलं पुढे आले म्हणून फिनिक्सच्याच स्टॉडमायर आणि डियाव यांच्यावर एका सामन्याची बंदी. नियम तसा होता हे मान्य, पण मी तेव्हा फिनिक्सच्या बाजूचा होतो आणि अजूनही ते विजेतेपद मला पूर्ण पटत नाही. इतिहास लिहायचा तर हे पण लिहा.

बाकी २००५ बद्दल माझं काही म्हणणं नाही. डेट्रॉइटविरुद्ध फायनलचा पाचवा सामना, हॉरीने तिसऱ्या क्वार्टरच्या अगदी शेवटापर्यंत एकही पॉइंट केला नव्हता आणि नंतर २१. ओव्हरटाइममध्ये दोनने मागे असताना जिनोबिलीला पास दिला, दोन जण जिनोबिलीवर धावले, त्याने बॉल परत हॉरीला दिला, थ्री, ९६-९५. तो शॉट मान्य.

---

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

मान्य, ते लिहायलाच हवं होतं. त्या बंदीने मालिका बदलली.

---

सकाळी_साडेसहा

२०१३ कोणी लिहीत नाहीये, मग मीच लिहितो, आयडी त्याच सकाळचा आहे.

१९ जून, बुधवार, आपल्याकडे सकाळी साडेसहाला मायामीतला, मायामीविरुद्धच्या फायनलचा सहावा सामना. स्पर्स ३-२ ने पुढे. मी ऑफिसला उशिरा येतो सांगून ठेवलेलं, चहाचा कप तसाच. डंकन ३७ वर्षांचा, पहिल्या हाफमध्ये २५ पॉइंट. आणि मग शेवटची २८ सेकंद, स्पर्स ५ ने पुढे. कोर्टाच्या बाजूने कर्मचारी पिवळा दोर घेऊन यायला लागले, ट्रॉफी द्यायच्या वेळी लोकांना अडवायला लावतात तो. मायामीचे लोक उठून चाललेले टीव्हीवर दिसत होते. मी आईला हाक मारली, म्हटलं ये, बघ, जिंकले.

लेब्रॉनचा (तेव्हा तो मायामीत) थ्री चुकला, रिबाउंड त्यांनाच, परत लेब्रॉन, या वेळी बसला. ९४-९२. स्पर्सच्या कवाय लेनर्डला दोन फ्री थ्रो, २१ वर्षांचा पोरगा, एक आत एक बाहेर. त्याआधी जिनोबिलीचंही तेच, एक आत एक बाहेर. ९५-९२. लेब्रॉनने परत थ्री मारला, चुकला, आणि डंकन बाहेर बेंचवर. पोपोविचने त्याला काढलं होतं कारण थ्री अडवायला चपळ पोरं हवी होती. रिबाउंड ख्रिस बॉशने घेतला, आणि रे ॲलन न बघता उलट पावलांनी कोपऱ्यात मागे मागे जातोय, पाय रेषेच्या मागे पडताक्षणी बॉल हातात, शॉट. पाच सेकंद बाकी, ९५-९५. ओव्हरटाइममध्ये हरले, १०३-१००.

दोन दिवसांनी सातवा सामना. ९०-८८, एक मिनिटही उरलेलं नाही, डंकन रिंगच्या अगदी जवळ, अंगावर त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका शेन बॅटिए. असा शॉट त्याने हजारो वेळा मारला असेल. चुकला, हातानेच परत ढकलला, तोही चुकला. मागे पळत आला आणि खाली वाकून दोन्ही हातांनी जमिनीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर मी कधी काही बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही.

---

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

@सकाळी_साडेसहा, वाचताना पोटात तोच गोळा आला.

त्या सहाव्या सामन्यानंतरचं मला जास्त आठवतं (नंतर छापून आलं ते). जिंकलो तर सगळ्यांनी मिळून जेवायचं म्हणून मायामीत एक हॉटेल आधीच ठरवून ठेवलेलं. हरल्यावर कोणालाही वाटेल की रद्द करा, रूमवर जाऊन दार लावून घ्या. पोपोविचने सांगितलं सगळे येणार. स्वतः आधी पोचला, टेबलं कशी लावायची ते बघितलं, बस आली तेव्हा दारात उभा राहून एकेकाला आत घेतलं, मग रात्रभर टेबलाटेबलावर फिरत राहिला, याच्या खांद्यावर हात, त्याच्याशी दोन शब्द. आपल्याकडे सुतकात शेजारी पिठलं-भात घेऊन येतात आणि समोर बसून चार घास खायला लावतात, तसं.

पुढच्या वर्षी तेच मायामी, तीच फायनल. त्या सीझनला स्पर्सचा एकही खेळाडू सरासरी ३० मिनिटं खेळला नव्हता आणि तरी लीगमध्ये सगळ्यात जास्त, ६२ विजय. टीममध्ये फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. फायनलच्या आधी ३ जूनला पोपोविचने मीटिंगमध्ये एडी माबोबद्दल विचारलं, ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कासाठी लढलेला माणूस, कारण पॅटी मिल्सचं त्याच्याशी नातं आहे आणि ३ जून हा माबो दिवस. फायनलच्या तोंडावर कोणी हे करतं का!

तिसरा सामना बघा, पहिला हाफ, ७१ पॉइंट, ७५.८ टक्के शॉट आत, फायनलच्या इतिहासात असं कोणी खेळलेलं नाही. एक बॉल आणि तो जमिनीवर टेकतच नाही, या हातातून त्या हातात, बरा शॉट सोडून अजून बऱ्या शॉटसाठी पास. पाचव्या सामन्यात सुरुवातीला २२-६ ने मागे होते आणि १०४-८७ ने जिंकले. फायनल एमव्हीपी लेनर्ड, तोच, फ्री थ्रो चुकलेला पोरगा.

---

वाचनमात्र

त्याच उन्हाळ्यात बेकी हॅमनला असिस्टंट कोच म्हणून घेतलं, एनबीएत पूर्णवेळ पगारावर अशी पहिली बाई. ३० डिसेंबर २०२० ला पोपोविचला रेफरीने बाहेर काढलं तेव्हा त्याने जाता जाता तिच्याकडे बोट केलं, आणि एनबीए सामन्यात हेड कोचचं काम करणारी ती पहिली बाई ठरली. माझी मुलगी तेव्हा जिल्हा पातळीवर खेळायची. तो तुकडा आम्ही कितीदा पाहिला असेल.

---

हाफकोर्ट

आणि लेनर्डचं काय? २०१७-१८ ला मांडीच्या दुखापतीवरून टीमच्या डॉक्टरांचं आणि त्याच्या माणसांचं जमेना, नऊ सामने खेळला, जुलै २०१८ ला टोरांटोला ट्रेड आणि पुढच्याच वर्षी टोरांटोला विजेतेपद. सरकून बसायचं शिकवणारी टीम ना ही? मग आपला सगळ्यात चांगला तरुण खेळाडू का टिकला नाही? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय.

---

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

बरेच दिवस मीही याच प्रश्नावर अडकलो होतो. माझं उत्तर असं की डंकन २०१६ ला गेला, तेही एक साधं पत्रक काढून, निरोपाचे दौरे नाहीत काही नाही, १९ सीझन एकाच टीमला. त्याआधी बरीच वर्षं पोपोविच सगळ्यांदेखत डंकनवर ओरडायचा आणि डंकन मान खाली घालून ऐकून घ्यायचा, मग बाराव्या खेळाडूची काय टाप वर बोलायची. रॉबिन्सनने डंकनला दाखवलं, डंकनने पार्कर-मानूला. लेनर्डच्या वेळी दाखवणारं मोठं माणूस ड्रेसिंग रूममध्ये राहिलं नव्हतं, मानू होता पण चाळिशीला आलेला. पोपोविच एकटा ते करू शकला नाही. म्हणून मी म्हणतो की नुसतं कोचने होत नाही, आणि म्हणूनच सुरुवात रॉबिन्सनपासून करतो. लेनर्डची चूक किती आणि टीमची किती यात मी पडत नाही.

---

मुक्कामपोस्ट_टेक्सास

इथे अजून लेनर्डचं नाव काढलं की लोक गप्प होतात.

पुढचं मी थोडक्यात लिहितो. २०२२-२३ ला फक्त २२ विजय, मग परत लॉटरी, परत पहिला नंबर, व्हिक्टर वेम्बन्यामा, फ्रान्सचा, १९ वर्षांचा, सात फूट चार इंच. त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर गाड्या हॉर्न वाजवत फिरत होत्या, जसं विजेतेपदच जिंकलंय. न्यूयॉर्कला ड्राफ्टला जाऊन सॅन अँटोनियोत उतरल्यावर त्याचं पहिलं जेवण पोपोविचबरोबर, आणि टेबलावर रॉबिन्सन, डंकन, मानू आणि शॉन इलियट. फोटो सगळीकडे आला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोपोविचला स्ट्रोक आला, मे २०२५ मध्ये त्याने कोचपद सोडलं. २९ सीझन, १४२२ विजय, एवढे एनबीएत कोणाचेच नाहीत. त्या पत्रकार परिषदेला हळू हळू चालत आला, दोन्ही बाजूंना डंकन आणि मानू. आता मिच जॉन्सन कोच आहे, त्याच्याच हाताखाली तयार झालेला.

---

नवशिका

सगळा धागा दोनदा वाचला. काही संदर्भ शोधून शोधून वाचावे लागले पण मजा आली. एकच सामना बघायचा असेल तर कोणता बघू? २०१४ चा तिसरा?

---

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

तो नंतर बघा. आधी १५ जून २००३, न्यू जर्सीविरुद्ध फायनलचा सहावा सामना, चौथा क्वार्टर. नजर डंकनवर जाईलच, २१ पॉइंट, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक, दोन ब्लॉक अजून असते तर फायनलमध्ये कोणालाच न जमलेला चौहेरी आकडा (चारही गोष्टी दहा किंवा जास्त) झाला असता. पण तुम्ही ५० नंबरकडे बघा. रॉबिन्सनच्या आयुष्यातला शेवटचा सामना आहे, ३७ वर्षांचा, पाठ कामातून गेलेली.

---

नवशिका

पाहिला. काल रात्री जेवण झाल्यावर लावला, बायकोही बसली. सुरुवातीला स्पर्स मागे होते आणि मग सलग १९ पॉइंट एकाच बाजूने, समोरच्यांचा शून्य. तुम्ही सांगितलं म्हणून ५० नंबरवर नजर ठेवली. तो शॉट मारायला फारसा जातच नाही हो. बॉल कोणाकडेही असला तरी हा आधीच रिंगखाली जागा अडवून, ढुंगणाने समोरच्याला मागे रेटत उभा, बॉल वर उडाला की दोन हातांनी काढून लगेच कोणाला तरी देऊन मोकळा. १३ पॉइंट आणि १७ रिबाउंड केले असं शेवटी दाखवलं. शाळेत आमचे सर ओरडायचे की बॉलमागे पळू नका, जागा पकडा, त्याचा अर्थ मला काल कळला. डंकनचे बोर्डावरून मारलेले शॉट पण बघितले, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर बरोबर. तेही सर शिकवायचे, आम्हाला ते बायकी वाटायचं, आता लाज वाटते.

पुढचा कोणता?

---

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता)

३१ मे १९९९, पोर्टलंड. शेवटचे बारा सेकंद लागले की थांबवून थांबवून बघा, आणि फक्त इलियटच्या टाचांकडे.